वहीतलं चौथं नाव

थेरन लस्कच्या वहीत माझ्या लेकीचं नाव चौथं होतं.

गणिताच्या बाईंना ती वही सोमवारी बाकाखाली सापडली. सात नावं, एकाखाली एक, आणि पुढच्या पानावर शाळेचा नकाशा. दारं कुठे, जिमची मागची बाजू कुठे, सगळं पट्टीने आखलेलं. आमच्या ड्राय फोर्कच्या शाळेत बालवाडीपासून बारावीपर्यंत मिळून एकसष्ट मुलं. नकाशा काढायला फार डोकं लागत नाही. पण कुणीतरी पट्टी घेऊन बसलं होतं. शाळेचं ऑफिस मी सांभाळते. प्रिन्सिपल हाइडेकरांनी वही झेरॉक्सला माझ्याच हातात दिली, स्वतः नीट न बघता. मी पान मशीनवर पालथं घालायला गेले आणि वाचलं: ब्रिन स्टॅम्पर.

थेरन सोळा वर्षांचा. गावापासून अकरा मैलांवर राहायचा. त्याच्या रस्त्याला स्कूलबस जात नाही, म्हणून तो बापाच्या जुन्या पिकअपने यायचा आणि रोज उशिरा पोचायचा. उशिराची चिठ्ठी मिळायची माझ्याकडून. दोन वर्षं रोज सकाळी तो माझ्या खिडकीपाशी उभा राहायचा. आई गेल्यापासून घरात नाश्ता कुणी करत नसे, म्हणून मी ड्रॉवरमध्ये बिस्किटं आणि पीनट बटरची बरणी ठेवली होती. "आज काय सबब?" मी विचारायची. "कुत्र्याने अलार्म खाल्ला," तो म्हणायचा. एवढंच आमचं बोलणं. पण रोजचं.

कोरिन ऑल्स्टॅड मंगळवारी आली. तिच्या कार्डावर लांबलचक हुद्दा होता: विभागीय शाळा-सुरक्षा आणि प्रतिबंध तज्ज्ञ. पूर्व ऑरेगनचे पाच जिल्हे, त्रेचाळीस शाळा, आणि ती एकटी. पन्नाशी उलटलेली, रुंद खांद्यांची, बुटांना चिखल. एकशे तीस मैल गाडी हाकून आली आणि कोट न काढताच म्हणाली, "वही बघू."

ती, हाइडेकर, शेरीफचा डेप्युटी आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी काउन्सेलर, चौघं तीन तास दार लावून बसले. मग कोरिनने थेरनला बोलावलं, मग त्याच्या बापाला. संध्याकाळी ती त्यांच्या घरी गेली आणि बापाकडून, गॅरिट लस्ककडून, पाच बंदुका घेऊन डेप्युटीच्या ताब्यात देऊन आली. गॅरिट गवताचे ट्रक चालवतो, कुणाचं ऐकणारा माणूस नाही. त्याला तिने कसं पटवलं, देव जाणे.

तिचं म्हणणं असं पडलं की पोराला शाळेतच ठेवायचं. रोज आल्यावर दप्तर तपासायचं, दिवसभर एक मोठं माणूस सोबत, काउन्सेलरशी बोलणं, दर आठवड्याला तिची स्वतःची फेरी.

गुरुवारी जिममध्ये पालकांची सभा झाली. तिथे हे तिने सांगितलं मात्र, लोक उठूनच उभे राहिले.

"तुझं पोर आहे का या शाळेत?" कुणीतरी ओरडलं.

"नाही."

"मग तुझं काय जातंय?"

मीही ओरडले. लपवत नाही. मी म्हणाले, "त्याला दप्तर तपासून आत घेणार, आणि माझ्या मुलीला त्याच्या शेजारी बसवणार? एवढं प्रेम असेल तर घेऊन जा त्याला तुमच्या घरी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कोरिनने टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाली, "तुम्हाला वाटतंय, काढून टाकलं की तो गेला. कुठे जाणार तो? अकरा मैलांवरच असेल. आज निदान सकाळी आठ ते तीन त्याला कुणीतरी बघतं. उद्यापासून कुणी बघणार नाही."

शाळेच्या मंडळाने त्याच रात्री एका वर्षासाठी त्याला काढून टाकलं. पाच विरुद्ध शून्य.

शुक्रवारी सकाळी कोरिन माझ्या खिडकीपाशी आली. मला वाटलं, आता सुनावणार. ती म्हणाली, "डेला, थेरनशी रोज बोलणारं माणूस या शाळेत कोण, असं मी सगळ्यांना विचारलं. सगळ्यांनी तुमचं नाव सांगितलं. त्यानेही."

"मग?"

"त्याचा अभ्यास आठवड्यातून एकदा कुणीतरी घरी पोचवायला हवा."

"तुम्हाला कळतंय ना कुणाला विचारताय?"

"कळतंय."

"नाही," मी म्हणाले. "जमणार नाही."

तिने मान डोलावली. जाता जाता म्हणाली, "ब्रिनला एकदा विचारा, डिसेंबरमध्ये काय झालं. मी याहून जास्त सांगू शकत नाही."

त्या संध्याकाळी मी ब्रिनला विचारलं. आधी ती चिडली, मग खोलीचं दार आपटलं, मग अर्ध्या तासाने स्वयंपाकघरात येऊन रडायला लागली. थेरन कुस्तीच्या सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत एकटाच बसून फोन लावायचा. आईच्या नंबरला. बापाने तो नंबर बंद केला नव्हता. पलीकडून आईचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा, 'मी आत्ता फोन घेऊ शकत नाही, निरोप ठेवा.' थेरन निरोप ठेवायचा. आज काय झालं, काय खाल्लं. एका पोराने ते लपून चित्रित केलं आणि सगळ्यांना पाठवलं.

"आणि तू?"

"मी पुढे पाठवलं," ब्रिन म्हणाली. "चौदा जणांना. हसण्याचे इमोजी टाकून."

"का गं?"

"सगळेच पाठवत होते, आई."

माझा हात उठला होता. मी तो खाली घेतला आणि भांडी घासायला लागले.  मुलीचा राग यावा, तर तिचं नाव त्या यादीत. पोराची कीव यावी, तर यादी त्यानेच केलेली. त्यानंतर मला नीट झोप म्हणून लागली नाही. दिवसा ऑफिसच्या खिडकीतून कुठलीही जुनी पिकअप दिसली की मी उठून पुढच्या दाराची कडी बघून यायची. अभ्यास पोचवायला मी गेले नाही. कोरिनच जायची, दर बुधवारी, एकशे तीस मैल येऊन, एकशे तीस मैल परत. हाइडेकर म्हणायचे, "बाईला दुसरं काम नाही वाटतं." तिला बेचाळीस शाळा आणखी होत्या.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी पावणेअकराला ऑफिसचा फोन वाजला. कोरिन. आवाज गाडीतला, घाईचा.

"डेला, थेरन माझे फोन घेत नाहीये. बापाचेही घेत नाहीये. शाळेच्या नंबरवरून लावून बघा. तुमचा कदाचित घेईल."

"काय झालं?"

"गॅरिट काल ट्रक घेऊन आयडाहोला गेला. घाट बर्फाने बंद आहे, तो पलीकडे अडकलाय. आज सकाळी पोराने त्याला मेसेज केला, की कुत्र्याचं खाणं आठवडाभर पुरेल असं काढून ठेवलंय, काळजी करू नको." ती पुढे म्हणाली, "आणि गॅरिटला आत्ता आठवलं, त्याच्या वडिलांची एक जुनी बंदूक पंपाच्या खोलीत आहे. ती द्यायची राहून गेली."

"डेप्युटीला सांगितलं?"

"हायवेवर तीन ट्रक एकमेकांवर चढलेत. तो तिकडे आहे. दोन तास म्हणतोय. मी निघालेय, पण माझ्या पुढे सगळा बर्फ आहे."

तिकडे रेंज नसते, त्यांचे फोन घरच्या वायफायवर चालतात. मी ऑफिसच्या फोनवरून नंबर फिरवला. सहाव्या रिंगला उचलला गेला. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"थेरन? मी डेला स्टॅम्पर. ऑफिसमधून."



"आज काय सबब?" मी म्हणाले. तोंडातून तेच बाहेर पडलं. जिभेला दुसरं काही माहीतच नव्हतं.

 मग तो म्हणाला, "आज काही सबब नाही," आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर बंद.

मी कोट उचलला. हाइडेकर दारात आडवे आले. "डेला, कुठे? डेप्युटी येईपर्यंत कुणी तिकडे जायचं नाही. मी परवानगी देत नाही."

"मी मागितली नाही."

"त्याच्याकडे बंदूक आहे! तुझ्या मुलीचं नाव—"

"मला पाठ आहे तिचं नाव," मी म्हणाले. "तुमच्या मंडळाने त्याला घरी बसवलं. त्यासाठी टाळ्या मीच मिळवल्या. सरका."

गाडीत बसल्यावर कोरिनला फोन लावून शेजारच्या सीटवर टाकला. तीही आधी म्हणाली, "नका जाऊ. मी तुम्हाला जा म्हणू शकत नाही."

"मी निघालेय. काय करायचं ते सांगा. चार मैलांनंतर रेंज जाते."

 मग ती भराभर सांगायला लागली. घरात शिरायचं नाही. गाडी फाटकाबाहेर, तोंड परतीच्या दिशेने. हॉर्न वाजवायचा, वाट बघायची. हातात बंदूक दिसली तर निघून यायचं, काही झालं तरी. बाहेर आला तर रागवायचं नाही, समजूत घालायची नाही, खोटं वचन द्यायचं नाही. "आणि सरळ विचारा. मरायचा विचार करतोयस का, याच शब्दांत."

"असं विचारून त्याच्या डोक्यात आणखी भरवायचं?"

"भरत नाही. विचारल्याने कुणी मरत नाही. त्याला कळेल, की हा शब्द ऐकून पळून न जाणारं कुणीतरी आहे." मग आवाज तुटायला लागला. "डेला, त्याच्याशी बोलताना—" आणि रेंज गेली.

उरलेले सात मैल मी कशी गेले, मला सांगता यायचं नाही. रस्ता कुठे आणि शेत कुठे ते दिसत नव्हतं. मी कुंपणाच्या खांबांवर नजर ठेवून गाडी चालवत होते. मनात एकच होतं, की मी उशिरा पोचणार. आणि त्याच्याच मागे दुसरं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. उशिरा पोचले तर ब्रिनला धोका राहणार नाही. हा विचार मला आला. मीच तो केला, आणि स्टीअरिंगवर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

फाटकापाशी गाडी वळवली, हॉर्न दाबला. घराच्या ओसरीवर कुत्रं होतं. त्याच्याजवळ खाण्याची मोठी पिशवी वरून कापून उघडी ठेवलेली आणि पाण्याची तीन घमेली. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायला लागला होता. मी पुन्हा हॉर्न दाबला. दार बंदच. दाबून धरला, धरूनच ठेवला. कुत्रं भुंकायला लागलं. मी किती वेळ वाजवत होते कोण जाणे, पण माझ्या तोंडातून "ये रे, ये रे" असं काहीतरी चाललं होतं.

दार उघडलं. थेरन बाहेर आला. अंगात कोट नाही, पायांत नुसते मोजे. हात रिकामे. मी ते हात कितीतरी वेळ बघत होते.

काच खाली केली. "थंडी आहे," मी म्हणाले.

"तुम्ही कशाला आलात?"

"तू फोन ठेवलास म्हणून."

"ब्रिनसाठी आलात ना? विचारायला, की मी तिला काही करणार होतो का?"

समजूत घालायची नाही, खोटं बोलायचं नाही. "तेही आहे," मी म्हणाले. "मी तिची आई आहे."

तो ओसरीच्या पायरीवर बसला. "मी कुणाला काही करणार नव्हतो. लिहिलं की थोडा वेळ बरं वाटायचं. नंतर आणखी वाईट वाटायचं."

यावर विश्वास ठेवावा की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही पूर्ण कळलेलं नाही. मी म्हणाले, "ब्रिनने जे केलं ते तिने मला सांगितलं. ते घाणेरडं होतं."

त्याने वर बघितलं. पहिल्यांदाच.

"थेरन, तू मरायचा विचार करतोयस का?"

एवढा सरळ प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नव्हता.   त्याने मान हलवली, हो अशी, अगदी थोडी.

"आज?"

पुन्हा मान.

"पंपाच्या खोलीतली बंदूक कुठे आहे?"

"टेबलावर. आत."

"राहू दे तिथेच. तू इकडे ये. हीटर चालू आहे." तो हलला नाही, तेव्हा मी म्हणाले, "मी आत येणार नाही. मला भीती वाटते. पण जाणारही नाही. तू तिथे बसलास तर तू गारठशील, मीही काच उघडी ठेवून गारठेन. कुत्र्यालाही घेऊन ये."

हे बोलून झाल्यावर जो वेळ गेला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब वेळ. बाळंतपणातसुद्धा असा गेला नव्हता. तो उठला, दाराकडे वळला. मला वाटलं, संपलं. त्याने दार ओढून घेतलं, कुत्र्याला हाक मारली आणि मोज्यांनीच बर्फातून चालत गाडीपर्यंत आला.

दोन तास चाळीस मिनिटं आम्ही गाडीत बसलो. मी घरापासून अर्धा मैल पुढे नेऊन थांबवली होती, तिथून पुढे रस्ता दिसेना. माझे हातमोजे मी त्याच्या पायांत घातले. तो मध्येच थरथरायचा. एकदा म्हणाला, "बाबांनी गेल्या महिन्यात तो नंबर बंद केला. पोरं चिडवतात म्हणून. त्यांना वाटलं, माझं भलं होईल."   कुत्र्याचं ओलं अंग माझ्या मांडीवर होतं. पेट्रोलचा काटा खाली चालला होता, आणि मी मनात हिशेब करत होते, की हीटर किती वेळ चालेल आणि मग काय.

बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग कोरिन आली. घाईघाईत उतरताना ती घसरून पडली, उठली आणि मागचं दार उघडून त्याच्या शेजारी बसली. कोपराला खरचटलं होतं. तिने त्याला मिठी मारली नाही, की रडली नाही. म्हणाली, "तू बाहेर आलास. ते सोपं नव्हतं." तेव्हा तो रडला. गुरासारखा, मोठ्याने. डेप्युटी नंतर वीस मिनिटांनी आला आणि बंदूक घेऊन गेला.

इथे सगळं नीट झालं असं सांगता आलं असतं तर बरं होतं. हॉस्पिटल दीडशे मैलांवर. तिथे मुलांच्या मानसोपचार वॉर्डात जागा नाही, अख्ख्या राज्यात नाही. नऊ दिवस तो इमर्जन्सीच्या एका बिनखिडकीच्या खोलीत होता. दारात पहारेकरी, चोवीस तास दिवा. कोरिन दिवसभर फोनवर जागा शोधायची आणि मध्ये त्याच्याजवळ जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी मी तिला भेटले तेव्हा ती कॉफीच्या मशीनला कपाळ टेकून उभी होती.

"आपण त्याला बाहेर काढलं ते या खोलीत घालायला?" मी म्हणाले.

"मला ओरडू नका, डेला," ती म्हणाली. "आज नको." मग म्हणाली, "सकाळपासून सतरा ठिकाणी फोन केले. अठरावं राहिलंय." आणि फोन काढला.

गॅरिट घाट उघडल्यावर थेट हॉस्पिटलात आला. आठ दिवस अंगावर तेच जॅकेट. मला म्हणाला, "त्या बाईने विचारलं होतं, आणखी आहे का म्हणून. मी नाही म्हणालो. विसरलोच होतो हो." हे तो मला पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

ब्रिन माझ्याशी दोन महिने धड बोलली नाही. "तुला काही झालं असतं तर?" एवढं एकदाच म्हणाली. गावातल्या दुकानात एक बाई, जिच्या मुलाचं नाव यादीत पहिलं होतं, मला बघून दुसऱ्या रांगेत गेली. अजूनही जाते. तिचा राग मला कळतो. जानेवारीत मीही तशीच होते.

एप्रिलमध्ये कोरिन शाळेच्या दारांची तपासणी करायला आली. गाडी लावली आणि उतरलीच नाही. अर्ध्या तासाने मी बाहेर गेले. ती स्टीअरिंग धरून बसली होती. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेतली मुलगी, चौदा वर्षांची, आदल्या रात्री गेली होती. तिच्याबद्दल कुणीच काही कळवलं नव्हतं. "माझ्या यादीत नव्हतीच ती," कोरिन म्हणत होती. "त्रेचाळीस शाळा, डेला. मी तिथे तीन आठवड्यांपूर्वी जाऊन आले होते. तिने मला दार उघडून दिलं असेल." मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मग ती उतरली आणि आमची दारं तपासली, एकेक करून, मागच्या जिमपर्यंत.

थेरनला शेवटी वॉर्डात जागा मिळाली होती. बरा होऊन तो मावशीकडे राहायला गेला, लांबच्या गावी. तिथल्या शाळेने त्याला घ्यावं म्हणून कोरिन तीनदा गेली होती. ब्रिनने त्याला पत्र लिहिलं, चार वेळा फाडून. कोरिनने ते पोचवलं. उत्तर आलं नाही, आणि ब्रिनने पुन्हा विचारलं नाही.

त्याला आता दोन वर्षं होतील. नियमाप्रमाणे कोरिनला त्याच्याबद्दल मला काही सांगता येत नाही. तरी ती फेरीवर आली की मी विचारते, आणि ती रजिस्टरवर सही करता करता, वर न बघता, एकच शब्द बोलते.

"आहे."